घरातला कापूस आणि विस्तव

सावद्याकडे केळीही पिकते आणि कापूसही. केळीचा घड कापला की तो गाडीत जातो. कापसाचे तसे नाही. भाव चढेल म्हणून पुष्कळ शेतकरी कापूस घरातच भरून ठेवतात. पुढची खोली धाब्यापर्यंत भरते. त्यावर पोरं उड्या मारतात, कोणी त्यावरच अंग टाकतो. वर्षाची कमाई डोळ्यांपुढे असली की जिवाला बरं वाटतं. पण या कापसाचा एक गुण घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवा.

कडबा पेटला की भडका उडतो, तो लगेच दिसतो. कापसाच्या ढिगात ठिणगी पडली तर ती आत सरकते आणि तिथेच धुमसत राहते. वरून पाणी ओतले तरी आतला कापूस कोरडाच राहतो. माणूस म्हणतो, विझली. मग रात्री सगळे झोपले की घरात धूर कोंडतो. आगीत पुष्कळ माणसे जाळाने नव्हे, धुरानेच गुदमरून मरतात.

मुंबईच्या गोदीत 14 एप्रिल 1944 रोजी काय झाले ते पहा. तेव्हा महायुद्ध चालू होते. फोर्ट स्टिकिन नावाच्या जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. दुपारी धूर दिसला. बंबवाल्यांनी पाण्याचा मारा केला, तरी आतली आग विझेना. चार वाजून गेल्यावर जहाज उडाले. शेकडो माणसे मेली. आग विझवणारे 66 जवान कामी आले. त्यांच्या आठवणीसाठी देशभर 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. आपल्या खानदेशात तेव्हा ऊन नुसते भाजत असते.

कोणी म्हणेल, "आमच्या घरात कुठला आलाय दारूगोळा?" अहो, स्वयंपाकघरात गॅसची टाकी आहे ना! भरल्या टाकीत 14.2 किलो गॅस असतो. एका भिंतीच्या अलीकडे टाकी आणि पलीकडे कापूस, अशी घरे थोडी नाहीत.

हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत पसरतो. तो कळावा म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास घातलेला असतो. वास आला की काडी ओढू नका. दिव्याचे बटण चालू करू नका आणि बंदही करू नका, कारण बटणातही ठिणगी पडते. टाकीचा खटका बंद करा, दारे-खिडक्या उघडा आणि पोराबाळांना घेऊन बाहेर या. फोन बाहेर येऊनच लावा. गॅसची नळीही पहात जा. तिला चिरा पडल्या तर लगेच बदला. चिरा नसल्या तरी पाच वर्षांनी बदलावीच लागते.

कापूस चुलीच्या खोलीत भरू नये. विजेच्या तारेला, दिव्याला तो टेकू देऊ नये. दार अडेल असा तर कधीच रचू नये. रात्री पळायची वेळ आली तर वाट मोकळी हवी. बिडी ओढणाऱ्याला अंगणात बसवा, मग तो पाहुणा का असेना! ढिगातून धुराचा वास आला तर आधी माणसे बाहेर काढा. धूर थोडा असेल तरच कापूस अंगणात ओढा, पसरा आणि पुरता भिजवा. धूर दाटला असेल तर आत जाऊ नका. कापूस पुढच्या साली पुन्हा पिकेल.

हिवाळ्यात मळ्यात भरीत होते. काट्या पेटवून वांगी भाजतात, पंगत उठते आणि निखारे तसेच राहतात. वारा सुटला की ते शेजारच्या कडब्यात जातात. त्यावर पाणी घाला, काडीने उकरून पहा आणि पुन्हा घाला.

कढईतले तेल पेटले तर पाणी टाकू नका. जळते तेल उडते. गॅस बंद करून वर झाकण ठेवा. लुगड्याला जाळ लागला तर बाईने पळू नये, जमिनीवर लोळावे. दुसऱ्याने तिच्यावर जाड गोधडी टाकावी. भाजल्या जागेवर वीस मिनिटे साधे थंड पाणी सोडा. शाई नको, हळद नको, तूपही नको.

आता तुम्हाला लिहिता येते. दाराच्या आतल्या बाजूला कोळशाने मोठे आकडे लिहा: आगीला 101, गॅस गळतीला 1906, दवाखान्याच्या गाडीला 108. आकडे पोरांच्या नजरेला येतील इतके खाली असू द्या.