एका विनंतीत हवामान, मृदा आणि बाजारभाव

कृषी सल्ल्याच्या मोबाइल ॲपमागे हवामान, मृदा आरोग्य व बाजारभाव यांच्या स्वतंत्र सूक्ष्मसेवा असू शकतात. प्रत्येक सेवेकडे वेगळी विनंती गेल्यास क्षीण नेटवर्कवर माहिती उशिरा पोहोचते आणि फवारणीची योग्य वेळ टळू शकते. एपीआय गेटवेवर ग्राफक्यूएलची जोड देणे हा यावरील एक उपाय होय. फेसबुकने २०१२ मध्ये विकसित केलेली व २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली ही प्रश्नभाषा हवी तेवढीच माहिती एकाच विनंतीत मागू देते. गेटवे ती निरनिराळ्या सेवांकडून गोळा करून एकत्रित पाठवितो. मात्र एकात एक गुंफलेल्या प्रश्नामुळे मूळ सेवांवर शेकडो विनंत्यांचा भार पडू शकतो. म्हणून प्रश्नाच्या खोलीवर मर्यादा, समान विनंत्यांचे एकत्रीकरण आणि प्रत्येक सेवेची परवानगी-तपासणी आवश्यक ठरते.