फिरत्या घरातील दिवे

मुळशी तालुक्यातील मारुंजी हे हिंजवडीच्या शेजारचे गाव. शेती हा एके काळी या गावाचा मुख्य आधार होता. हिंजवडीस माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिल्यानंतर गावाच्या आसपास मोठमोठ्या गृहरचना झाल्या आणि नोकरदारांची वस्ती वाढली. गावाच्या पश्चिमेस कासारसाईचा जलाशय आणि त्याही पलीकडे लोहगड, तिकोना व तुंग या किल्ल्यांच्या सान्निध्यातील पवना जलाशय आहे. शनिवार-रविवारी या जलाशयांच्या काठी मुक्कामास जाणाऱ्यांची संख्या मोठी असते. बहुतेक जण तंबूंत राहतात. काही जण मात्र आपले घरच सोबत नेतात. झोपण्याची जागा, छोटेसे स्वयंपाकघर आणि पाण्याची टाकी असलेले हे फिरते घर म्हणजे कॅरॅव्हॅन.

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याचा या वाहनाशी जवळचा संबंध आहे. आकुर्डी येथील फोर्स मोटर्सने, म्हणजे तेव्हाच्या बजाज टेम्पोने, १९८७ मध्ये ‘ट्रॅव्हलर’ हे वाहन बाजारात आणले. आपल्या देशात तयार होणाऱ्या अनेक कॅरॅव्हॅन याच वाहनाच्या सांगाड्यावर उभारल्या जातात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. पाणी, रस्ते आणि वीज यांची सोय असलेले वाहनतळ, म्हणजेच कॅरॅव्हॅन पार्क, उभे राहावेत अशी या धोरणामागील कल्पना आहे. परंतु पर्यटकाचा मुक्काम नेहमीच अशा सोयीच्या जागी पडतो असे नाही. धरणाच्या काठी किंवा गडाच्या पायथ्याशी वाहन उभे राहिले, की त्यातील विजेचा सारा भार एका बॅटरीवर पडतो. ही वीज पुरवून वापरण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे वाहनातील जुने दिवे काढून त्या जागी एल.ई.डी. दिवे बसविणे. हे काम वरवर किरकोळ दिसले, तरी ते समजून केले तरच लाभदायक ठरते.

विजेचा हिशेब

जुन्या वाहनांतील छताच्या दिव्यांत बारीक तार तापून प्रकाश देते. अशा दिव्याने घेतलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेत खर्च होतो. प्रकाश मिळतो तो उरलेल्या अल्प भागातून. एल.ई.डी. म्हणजे प्रकाश देणारा अर्धसंवाहक द्विप्रस्थ. त्यात तार तापवावी लागत नाही. विद्युत् प्रवाह अर्धसंवाहकातून जाताना तेथेच प्रकाश निर्माण होतो. त्यामुळे जुना १० वॉटचा दिवा जेवढा प्रकाश देतो, तेवढा एल.ई.डी. एक ते दीड वॉटमध्ये देऊ शकतो.

हा फरक बॅटरीच्या भाषेत मांडला, म्हणजे त्याचे महत्त्व लक्षात येते. एका कॅरॅव्हॅनमध्ये १० वॉटचे सहा दिवे आहेत आणि ते रोज पाच तास जळतात असे मानू. १२ व्होल्टच्या बॅटरीतून हे दिवे ५ अँपिअर प्रवाह घेतील आणि एका रात्रीत २५ अँपिअर-तास वीज खर्च होईल. बॅटरी १०० अँपिअर-तासांची असली, तरी शिसे-आम्ल प्रकारच्या बॅटरीतील निम्मीच वीज वापरणे हिताचे असते; त्याहून अधिक वापर वारंवार झाल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणजे दोन रात्रींत ही शिदोरी संपते. त्याच जागी दीड वॉटचे सहा एल.ई.डी. दिवे असल्यास एका रात्रीचा खर्च पावणेचार अँपिअर-तास इतकाच येतो आणि तीच बॅटरी दिव्यांना तेरा रात्री पुरते.

अर्थात बॅटरीवर केवळ दिव्यांचाच भार नसतो. पाण्याचा पंप, पंखा आणि शीतपेटी यांनाही वीज लागते. वरील उदाहरणात दर रात्री सुमारे २१ अँपिअर-तासांची बचत होते. २ अँपिअर घेणारा छोटा पंखा एवढ्या विजेवर दहा तास, म्हणजे जवळजवळ रात्रभर चालतो. छतावर सौर पट्ट्या बसविलेल्या असल्या, तरी मावळातील पावसाळ्यात आठवडा आठवडा ऊन पडत नाही. अशा वेळी वाचविलेली वीज हाच खरा आधार असतो.

या बचतीला सुरक्षिततेचीही बाजू आहे. बॅटरी उतरली की काही जण ती भरण्यासाठी उभ्या वाहनाचे इंजिन रात्री चालू ठेवतात. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा रंग-गंध नसलेला विषारी वायू असतो. आत माणसे झोपलेली असताना तो वाहनात शिरल्यास प्राणावर बेतू शकते. दिव्यांचा खर्च कमी झाला, तर असे इंजिन चालविण्याची वेळच सहसा येणार नाही.

एका शोधाचा प्रवास

अर्धसंवाहकातून प्रकाश निघतो हे इंग्लंडमधील हेन्री राउंड यांनी १९०७ मध्येच नोंदविले होते. रशियातील ओलेग लोसेव्ह यांनी १९२० नंतरच्या दशकात त्याचा अधिक अभ्यास केला. अमेरिकेतील निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये लाल प्रकाश देणारा एल.ई.डी. तयार केला; परंतु तो मुख्यतः यंत्रांवरील खुणेच्या दिव्यांपुरता उपयोगी पडला. पांढऱ्या प्रकाशासाठी निळा एल.ई.डी. आवश्यक होता. इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांच्या परिश्रमांतून तो साध्य झाला आणि २०१४ मध्ये त्यांना भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात जानेवारी २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना सुरू झाली. या योजनेतून ३६ कोटींहून अधिक एल.ई.डी. दिव्यांचे वाटप होऊन हा दिवा घरोघरी पोहोचला.

घरचा दिवा वाहनात चालत नाही

घरात परिचयाचा झाल्यामुळेच या दिव्याविषयी एक गैरसमज होण्याचा संभव असतो. घरातील दिवा २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर चालतो. वाहनातील वीज १२ किंवा २४ व्होल्टची आणि एकदिश असते. इन्व्हर्टर लावून घरचा दिवा वाहनात पेटविता येतो. मात्र इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो आणि दिवा बंद असतानाही त्याचे थोडेफार खाणे चालूच राहते. त्यामुळे वाहनाच्या विद्युत् दाबावर थेट चालणारे दिवे निवडणे उचित ठरते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी नेहमी १२ व्होल्ट देत नाही. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.७ व्होल्ट दाखविते. इंजिन अथवा सौर संच तिला भरत असताना हाच दाब १४.४ व्होल्टपर्यंत जातो. स्वस्त दिव्यांत तीन एल.ई.डी. एकापुढे एक जोडून त्यांच्यासोबत केवळ एक रोधक बसविलेला असतो. तीन एल.ई.डी. मिळून सुमारे ९ व्होल्ट घेतात, उरलेले ३ व्होल्ट रोधकावर पडतात. दाब १४.४ व्होल्ट झाला, की रोधकावर ५ व्होल्टच्या आसपास पडतात आणि प्रवाह जवळजवळ पावणेदोन पट होतो. दाब वाढतो पाचव्या हिश्श्याने, दिव्यावरचा ताण मात्र किती तरी अधिक वाढतो. नवीन दिवे काही महिन्यांतच काळवंडून बंद पडतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. म्हणून प्रवाह स्थिर राखणारे मंडल असलेला आणि ‘१० ते ३० व्होल्ट’ अशी दाबाची मर्यादा छापलेला दिवा घ्यावा. त्यास थोडे अधिक पैसे पडले, तरी तो अंती स्वस्तच ठरतो.

निवड आणि जोडणी

बाजारात जाताना जुना दिवा सोबत न्यावा. दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला लांबट दिवा ३१, ३६, ३९ किंवा ४१ मिलिमीटर अशा निरनिराळ्या लांबींचा असतो. तो नुसत्या नजरेने ओळखू येत नाही. दोन पिनांच्या छोट्या हॅलोजन दिव्याच्या जागी येणारा एल.ई.डी. आकाराने मोठा असल्यास झाकण बसत नाही. प्रकाशाचे प्रमाण वॉटवरून न ठरविता ल्युमेनवरून ठरवावे. जुना १० वॉटचा छताचा दिवा साधारण १०० ल्युमेन प्रकाश देतो, हे लक्षात ठेवल्यास तुलना करणे सोपे जाते. रंगाच्या बाबतीत २७०० ते ३००० केल्व्हिनचा पिवळसर प्रकाश मुक्कामाच्या जागी डोळ्यांस सुखद वाटतो. निळसर पांढऱ्या प्रकाशाकडे किडे अधिक येतात, हा जलाशयाकाठी लगेच येणारा अनुभव आहे.

दिवा बदलण्यापूर्वी त्या मंडलाचा फ्यूज काढून ठेवावा. जुना दिवा नुकताच बंद केला असेल तर तो निवू द्यावा. एल.ई.डी.मध्ये धन आणि ऋण टोकांना महत्त्व असते. नवा दिवा लागला नाही, तर तो सदोष आहे असे लगेच न मानता फ्यूज पुन्हा काढून दिवा उलट बसवून पाहावा. सगळे दिवे एकदम न आणता आधी एकच बसवून चार दिवस वापरणे शहाणपणाचे असते. त्याच्यामुळे रेडिओत खरखर येत असेल, तर त्यातील मंडल निकृष्ट आहे असे समजावे.

एल.ई.डी. कमी तापतो, पण अजिबात तापत नाही असे नव्हे. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या वाहनाचे छत आधीच तापलेले असते. बंद झाकणात कोंडलेला दिवा अशा वेळी लवकर निकामी होतो. झाकणामागे हवेला थोडी वाट असावी. प्रवाह कमी झाला म्हणून जुन्या, भेगा पडलेल्या तारा तशाच ठेवू नयेत. फ्यूजचे काम तारेचे रक्षण करणे हे आहे. त्याच्या जागी मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार बसविणे म्हणजे आगीस आमंत्रण होय.

वाहनात जुन्या पद्धतीच्या लहान ट्यूब असतील, तर त्यांत पारा असतो. त्या फोडू नयेत किंवा जलाशयाकाठी टाकू नयेत. ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्राकडे द्याव्यात. हा सर्व विचार आतील दिव्यांपुरता आहे, हेही ध्यानात घ्यावे. पुढचे दिवे, दिशादर्शक आणि मागचे दिवे यांना मोटार वाहन नियमांची बंधने आहेत. त्यांत परस्पर बदल करू नये.

अंधाराची जपणूक

वीज स्वस्त झाली की दिवे वाढतात, ही मनुष्यस्वभावाची रीत आहे. सहा दिव्यांच्या विजेत चाळीस दिवे लागू शकतात म्हणून वाहनाबाहेर झगमगाट केला, तर बचत तर हातची जातेच. शिवाय त्या जागेचीही हानी होते. पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीच्या रानांत काजवे चमकतात. एकमेकांना ओळखण्याची त्यांची खूण म्हणजे तो प्रकाशच असतो. प्रखर दिव्यांत ती खूण हरवते. गावकऱ्यांची झोप आणि शेजारच्या मुक्कामातील शांतता यांचाही विचार व्हावयास हवा. वाहनाबाहेर एकच मंद दिवा असावा, त्याचे तोंड जमिनीकडे असावे आणि गरज संपताच तो मालवावा.