पुडा उलटून बघा!

वाचकहो, आपल्या भागातली कितीतरी माणसं गिरणीच्या नोकरीसाठी लालबाग, परळ, चिंचपोकळीला गेली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तरी चाळींतली बरीच बिऱ्हाडं तिथेच राहिली. चिंचपोकळीच्या अशाच एका बिऱ्हाडी, चुलतभावाकडे, मी गेलो होतो. दादांना मधुमेह निघालेला. डॉक्टरांनी पथ्याचा कागद दिला होता. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, कागद पाठ झालाय. पण दुकानात गेलं की हात जुन्याच पुड्यावर जातो."

म्हटलं, चला, आज किराणा भरायला मी येतो. शेजारच्या दोघीजणीही निघाल्या.

पहिली गोष्ट सांगितली ती ही : पुड्याची पुढची बाजू जाहिरातीची, मागची कामाची. मागे घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. जे सर्वांत जास्त, ते पहिलं. वहिनींनी 'पौष्टिक' म्हणून उचललेला बिस्किटाचा पुडा उलटला, तर पहिला मैदा, दुसरी साखर! १०० ग्रॅममागे २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच चमचे. वहिनी गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "चहा बिनसाखरेचा देत होते, आणि सोबत हे!"

दुसरं मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आतच मीठ सांगते. लोणचं, पापड, फरसाण त्यातच धरायचं. म्हणजे चार मोठ्या माणसांना महिन्याला ६०० ग्रॅम पुरे. तुमच्या घरी किलोचा पुडा किती दिवस जातो, बघा.

तिसरं धान्य. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पॉलिशच्या तांदळात जेमतेम १०. मात्र मधुमेह असलेल्यांनी नाचणीची भाकरीसुद्धा मोजूनच खावी, सोबत पालेभाजी नि उसळ घ्यावी. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नये.

शेतकरी बंधू-भगिनींनो, ही गोष्ट मुंबईची म्हणून सोडून देऊ नका. आपणही घरची नाचणी विकतो आणि त्याच पैशांत पोरांना बिस्किटं आणतो. तेव्हा येत्या बाजाराला निघताना घरातल्या शाळकरी मुलीला बरोबर न्या. पुड्यामागचं बारीक इंग्रजी तिला वाचायला लावा आणि मगच पैसे द्या. पथ्य चुलीपाशी पाळायचं असलं, तरी त्याची सुरुवात दुकानातच होते.