निरुपयोगी ठरलेल्या माणसाची शुश्रूषा

इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या तीन नद्या जेथे एकत्र येतात त्या भामरागडच्या अलीकडे, पावसाळ्यात पूल पाण्याखाली गेले की बाहेरच्या जगाशी संबंध तुटणाऱ्या अरण्यात, हेमलकसा हे गाव वसलेले आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी येथे लोकबिरादरी प्रकल्पाची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा हा मुलूख चंद्रपूर जिल्ह्याच्याच दप्तरात होता. गडचिरोली जिल्हा निराळा झाला तो १९८२ साली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे येथे औषधे घेऊन बसले खरे, परंतु कपडे घातलेल्या परक्या माणसाचा माडिया लोकांना जो पिढ्यानपिढ्यांचा धाक होता, तो केवळ सद्भावनेने जाणारा नव्हता. फेफरे येऊन विस्तवात पडलेला, भाजून निघालेला आणि घरच्यांनी आशा सोडलेला एक मुलगा येथे बरा झाला, तेव्हा ती वार्ता टोल्याटोल्यांतून पसरली आणि मग रोगी येऊ लागले.

माडियांचे देव निराळे आहेत आणि आमटे कुटुंबाने आपल्या कामाला कोणत्याही पंथाचा शिक्का लावलेला नाही, तेव्हा हेमलकशाला बौद्ध ठरविण्याचा खटाटोप मी करणार नाही. परंतु ‘मी कोणाच्याही कामाचा नाही, माझ्या असण्याने कोणाचे अडत नाही’ या निराशेच्या टोकाला पोचलेल्या माणसाला बौद्ध विचार कोणता धीर देतो, हे समजून घ्यायचे असेल तर हेमलकशाच्या दवाखान्याची आठवण ठेवलेली बरी. कारण त्या विचाराचा आरंभ प्रवचनात नसून एका आजाऱ्याच्या खाटेपाशी आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात ती हकीकत आली आहे. विहाराची पाहणी करीत फिरत असता भगवंतांना एक भिक्षू अतिसाराने जर्जर होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला दिसला. तुझी शुश्रूषा करणारे कोणी नाही काय, असे विचारता त्याने नाही म्हटले. आणि का नाही, असे विचारता त्याने जे कारण दिले ते अडीच हजार वर्षांनंतरही अंगावर येते: भिक्षूंच्या मी काहीच उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. त्याच्या बोलण्यात तक्रार नाही हे विशेष. स्वतःविरुद्ध झालेला फैसला त्याने निमूटपणे कबूल केला आहे. या ठिकाणी एखाद्या सामान्य उपदेशकाने, तू असे समजू नकोस, तूही फार गुणी आहेस, असे काहीतरी म्हटले असते. बुद्धाने आनंदाला पाणी आणावयास सांगितले. बुद्धाने पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले, आणि दोघांनी डोक्याकडून व पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. त्यानंतर संघाला एकत्र करून त्यांनी जे बजावले त्याचा आशय असा की, तुम्हांला येथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहील. ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने रोग्याची करावी. उपयोगाचा हिशोब पुढे चालविण्याचे त्यांनी नाकारले, एवढेच नव्हे तर निरुपयोगी ठरलेल्या माणसाला त्यांनी स्वतःच्या जागी नेऊन बसविले.

हा नकार बौद्ध मानसशास्त्रात फार खोल गेलेला आहे. मी इतरांपेक्षा श्रेष्ठ आहे असे मानणे हा अहंकार, हे कोणीही सांगेल. परंतु बौद्ध आचार्यांनी, मी त्यांच्या बरोबरीचा आहे आणि मी त्यांच्याहून हीन आहे, या दोन्ही समजुतींनाही मान नावाच्या त्याच एका बंधनात घातले. प्रथमदर्शनी हे निष्ठुर वाटते. आधीच खचलेल्या माणसाला अहंकारी म्हणावयाचे काय? पण किंचित थांबून पाहिले तर यातच सुटकेची वाट आहे. निराश माणसाच्या मनात अहोरात्र एक कचेरी भरलेली असते; तेथे फिर्यादी तोच, साक्षीदार तोच आणि न्यायाधीशही तोच, त्यामुळे निकाल सहसा बदलत नाही. अशा वेळी स्नेहीसोबती त्याच्या बाजूने वकिली करावयास धावतात, त्याच्या गुणांचे दाखले सादर करतात, आणि प्रत्येक दाखला तेथे खोटा ठरतो. बौद्ध विचार वकीलपत्र घेतच नाही. माणसाचे मोल ठरविण्याचा त्या कचेरीचा अधिकारच तो मान्य करीत नाही.

याच कचेरीत आणखी एक आरोप हटकून ठेवला जातो, तो म्हणजे, माझ्या वाट्याला आलेले हे सारे माझ्याच पापाचे फळ आहे. दुर्दैवाने या आरोपाला बौद्ध ग्रंथांतही आधार सापडतो, हे लपविण्यात अर्थ नाही. उदानात सुप्रबुद्ध नावाच्या कुष्ठरोग्याची कथा आहे. गर्दी पाहून, येथे अन्न वाटले जात असेल, या आशेने तो आला, आणि अन्न नाही असे कळल्यावरही एका बाजूला बसून राहिला. त्या सबंध सभेत आपला उपदेश समजण्याजोगा कोण आहे, असे पाहता बुद्धाची दृष्टी त्याच्यावरच स्थिरावली. येथवर कथा अनुपम आहे. पण पुढे, पूर्वजन्मी एका सत्पुरुषाचा अवमान केला म्हणून तो कुष्ठी झाला, असे स्पष्टीकरण जोडलेले आहे, आणि माझ्या मते त्याने कथेचे निम्मे सांत्वन हिरावून घेतले आहे. याउलट संयुत्तनिकायात मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाने, सर्व सुखदुःखे पूर्वकर्मानेच होतात काय, असे विचारले असता बुद्धाने पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतुमान, विषम आहारविहार, आघात अशी कारणे मोजून कर्माला आठांपैकी केवळ एक स्थान दिले, आणि सर्वच कर्माच्या माथी मारणारे चुकतात असे निक्षून सांगितले. हे वैद्याचे बोलणे आहे. फेफरे हा देवीचा कोप नव्हे तसेच महिनोन्‌महिने झोप, भूक आणि जगण्याची इच्छा नाहीशी करणारे नैराश्यही शील खचल्याची खूण नव्हे. त्याला कारणे असतात आणि उपचारही असतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या दोन वाटांपैकी कोणती निवडली हे या जिल्ह्यांतील वाचकाला निराळे सांगावयास नको. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, त्यांनी चंद्रपूर येथे दीक्षा दिली. १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी भंगी सुनीत आणि कुष्ठी सुप्रबुद्ध यांना आग्रहाने स्थान दिले, आणि या जन्मीच्या दैन्याचे खापर गतजन्मावर फोडणारा कर्मविचार बुद्धाच्या नावावर खपू दिला नाही. ज्या समाजाला हीनपणा जन्मतःच ठरवून दिलेला होता, त्याला आधी अहंकार सोडण्याचा उपदेश करणे म्हणजे क्रूर थट्टा झाली असती. ज्याने मनातली कचेरी स्वतः उभारलेली नाही, गावाने ती त्याच्यावर लादलेली आहे, त्याला नुसते ध्यान पुरत नाही. ताठ मानेने उभे राहण्याची जागाही लागते, आणि ती जागा त्या दोन दिवसांनी लाखोंना दिली.

कथेतला सुनीत आणि कथेतला सुप्रबुद्ध हे दोघेही बाबा आमट्यांना वरोऱ्यात प्रत्यक्ष भेटले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. वकिली करणाऱ्या या गृहस्थाने तेथे मैल्याची टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली होती. परंतु तुळशीराम नावाचा, झडलेल्या बोटांचा कुष्ठरोगी पावसात पडलेला पाहून तेच भयाने पळाले, आणि मग त्या भयाची लाज वाटून परतले. १९४९ पासून उभ्या राहिलेल्या आनंदवनात त्यांनी कुष्ठरोग्याला दयेपेक्षा काम देण्यावर भर दिला. चूळपंथक या मंदबुद्धी भिक्षूची गोष्ट येथे आठवते: चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना म्हणून सख्ख्या भावाने त्याला विहाराबाहेर काढले, तेव्हा बुद्धाने पाठांतराचे नावही न काढता त्याच्या हाती एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ते चोळीत बसावयास सांगितले, मळत जाणाऱ्या त्या वस्त्राकडे पाहता पाहता त्याला अनित्यता उमगली. त्याला जमेल एवढेच काम होते, आणि ते पुरले.

ज्याच्या घरी असा माणूस आहे त्याने काय करावे, याचे उत्तर त्याच महावग्गात, त्या आजारी भिक्षूच्या हकीकतीलाच जोडून दिलेले आहे. चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणे तेथे सांगितली आहेत: त्याला औषध तयार करता यावे, पथ्यापथ्य कळावे, त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र आणि ओकारी काढताना त्याला किळस वाटू नये, आणि वेळोवेळी धर्मकथा सांगून त्याला रोग्याचे मन प्रसन्न करता यावे. बोलण्याचा क्रमांक पाचवा आहे. आपण बहुधा पाचव्यापासून सुरुवात करतो, आणि रोगी ऐकत नाही म्हणून रुसतो. त्याआधीची चार कामे आज पुष्कळ सुकर झाली आहेत: जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार मिळू शकतात, आणि जगणे नकोसे झालेल्याला किंवा त्याच्या आप्तांना केंद्र सरकारच्या टेलिमानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. फोन लावून देणे, डॉक्टरकडे सोबत जाणे, गोळी वेळेवर घेतली की नाही ते पाहणे, न जेवता पडून राहिलेल्याजवळ ताट घेऊन बसणे, ही सारी पहिल्या चारांतली कामे होत.