मांजर घराचं की माणसाचं?

ऑगस्ट २०२१. दुबईच्या देरा भागात, फ्रीज मुरारमधल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर बाल्कनीच्या कडेला एक गाभण मांजरी लोंबकळत होती. खालून जाणाऱ्यांनी चादर ताणून धरली, मांजरी अलगद तीत पडली आणि चालती झाली. शेजारच्या किराणा दुकानदारानं हे मोबाइलवर टिपलं. या कामात चौघे होते : दोन भारतीय, एक पाकिस्तानी, एक मोरोक्कन. दुबईचे शासक शेख मोहम्मद यांनी ती चित्रफीत २४ ऑगस्टला जगापुढे ठेवली आणि पुढे चौघांना प्रत्येकी ५० हजार दिरहमचं बक्षीस मिळालं.

तेव्हापासून एक जुना समज मनात घोळतो आहे. कुत्रा माणसाला धरून राहतो आणि मांजर घराला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण देरातल्या गल्लीतल्या मांजरीला घरच नसतं. तिला खाऊ घालणारा कामगारही बहुधा खाटेपुरत्या भाड्याच्या जागेत राहतो. मग लळा कोणाला कोणाचा? गेल्या चाळीस वर्षांतलं संशोधन याच प्रश्नाभोवती फिरत आलं आहे.

१९८० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात एलीन कार्श यांनी पिल्लांवर काम केलं. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा मायेचा हात फिरला, तर पिल्लू पुढे माणसाजवळ निर्धास्त येतं, असं त्यांना दिसलं. चादरीत पडलेल्या त्या मांजरीच्या पोटातल्या पिल्लांचा स्वभावही अशाच काही आठवड्यांत घडणार होता.

२००७ मध्ये संशोधकांनी ९७९ मांजरांचा डीएनए तपासला. जगभरच्या पाळीव मांजरांचं मूळ पश्चिम आशियातल्या रानमांजरात सापडलं. त्यांच्या सर्वांत जवळच्या रानमांजरांत अमिरातीच्या वाळवंटातलीही होती. माणसानं धान्य साठवलं, धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे मांजर. सायप्रसमध्ये सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. खाडीकाठी गलबतांच्या मालाजवळ रेंगाळणारी देरातली मांजरं पाहिली की ही जुनी सोबत डोळ्यांपुढे येते.

पुढे जपानमध्ये अत्सुको साइतो यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की मांजर परक्यांच्या आवाजांतून आपल्या माणसाचा आवाज ओळखतं. ते उठून येत नाही, पण कान आणि मान वळवतं. २०२० मध्ये ससेक्स विद्यापीठातल्या अभ्यासात, डोळे सावकाश मिटून उघडणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाताकडेही मांजरं अधिक वेळा आली. रस्त्यावरच्या मांजरीशी ओळख करायची असेल, तर टक लावून पाहण्यापेक्षा ही खूण बरी.

या सगळ्यांत मला २०१९ चा अभ्यास सर्वांत मोलाचा वाटतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठात क्रिस्टिन विटाले यांनी पिल्लांना मालकासोबत अनोळखी खोलीत ठेवलं. दोन मिनिटांनी मालक बाहेर गेला, आणखी दोन मिनिटांनी परतला. सुमारे ६४ टक्के पिल्लं त्याला भेटून शांत झाली आणि पुन्हा खोली धुंडाळू लागली. आईच्या आधारावर जग पाहणारी तान्ही मुलंही साधारण याच प्रमाणात असंच वागतात. ओळखीचं घर तिथं नव्हतं. आधार होता तो माणसाचा.

देरात हे समजून घेणं फार गरजेचं आहे. इथलं वास्तव्य व्हिसावर चालतं. नोकरी संपली की सामान बांधलं जातं आणि काही जण पाळलेली मांजर मागेच ठेवून जातात. मांजर घराचीच असते, राहील कुठंतरी, अशी मनाची समजूत घालतात. तो जुना समज इथं क्रूर ठरतो. मांजर पाळणाऱ्यानं तिला सोबत नेण्याची किंवा नव्या घराची सोय पहिल्याच दिवशी मनात धरावी. गल्लीतल्या मांजरीला खाऊ घालणाऱ्यानं उन्हाळ्यात पाणी ठेवावं आणि तिचं निर्बीजीकरण करून घ्यावं. त्या चौघांची ती मांजरी नव्हती, तरी ते तिच्यासाठी धावले. आपली मांजर तर आपला आवाज ओळखते. विटाले यांच्या प्रयोगात ताटातूट दोनच मिनिटांची होती, आणि दार पुन्हा उघडलं होतं.