लाल पाटीवरचं झिश्कोव

प्रागच्या झिश्कोव भागात कुठल्याही जुन्या इमारतीच्या दारात उभे राहिलात, तर भिंतीवर पत्र्याच्या दोन पाट्या ठोकलेल्या दिसतील. एक लाल, एक निळी. दोन्हींवर आकडे, आणि त्या आकड्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. निळीवर ९ असला, तर लालवर ७००. हे उदाहरण मनानं रचलेलं नाही. 'प्राग ३' या विभागाच्या नगरभवनाचाच हा पत्ता आहे : हावलीचकोवो चौक, ७००/९.

नकाशे, वॉर्डांच्या हद्दी आणि घरांचे नंबर यांचा मला फार जुना नाद आहे. प्रागला गेलेले लोक चार्ल्स पूल बघतात, घड्याळाखाली तासाच्या ठोक्याची वाट बघत ताटकळतात. मी मान वर करून पाट्या वाचत फिरतो. बरोबर कुणी असलं, तर त्याला पहिल्या दोन गल्ल्यांतच वैताग येतो. पण एखादं शहर कागदावर कसं बांधलंय हे कळल्याशिवाय ते मला पाहिल्यासारखं वाटत नाही. आणि कागदाच्या बाबतीत प्रागचा हात धरणारं शहर विरळाच.

आधी निळी पाटी. ती सोपी. रस्त्याच्या एका अंगाला विषम आणि दुसऱ्या अंगाला सम, असे ओळीनं नंबर. गंमत आहे ती सुरुवात कुठून करायची यात. प्रागमध्ये हे ठरवते व्ल्टावा नदी. नदीपासून दूर जाणाऱ्या रस्त्यांचे नंबर नदीकडच्या टोकाला सुरू होतात. नदीला समांतर रस्त्यांचे नंबर पाण्याच्या ओघाबरोबर वाढत जातात. त्यामुळे वाट चुकलेल्या माणसानं निळ्या पाट्यांवर नजर ठेवली, तर नदी कुठल्या अंगाला आहे याचा अंदाज येतो. होकायंत्रापेक्षा मला याचा उपयोग जास्त झाला आहे.

लाल पाटी हे जुनं प्रकरण. १७७० साली मारिया थेरेसा राणीच्या राजवटीत हॅब्सबर्ग मुलखातल्या घरांना नंबर द्यायचा हुकूम निघाला. हेतू सरळ होता : सैन्यभरतीसाठी घरटी किती पुरुष मिळतील, हे सरकारला हवं होतं. तेव्हापासून घराची नोंद होईल त्या क्रमानं त्याला नंबर मिळतो. रस्त्याशी त्याचं देणंघेणं नाही. म्हणून शेजारशेजारच्या दोन इमारतींवर ७०० आणि दोन हजार काहीतरी, असे आकडे दिसतात आणि नवखा माणूस चक्रावतो. झिश्कोवच्या टीव्ही टॉवरची निळी पाटी 'माहलर बाग १' म्हणते, लाल नंबर मात्र चार आकडी! रस्त्यावर पहिला, नोंदवहीत फार उशिरा आलेला.

आता महत्त्वाचं. हा लाल नंबर अख्ख्या प्रागमध्ये एकमेव नसतो. तो एकमेव असतो फक्त आपापल्या भूमापन हद्दीत. म्हणून लाल पाटीवर आकड्याबरोबर सहसा त्या हद्दीचं नावही लिहिलेलं असतं : झिश्कोव. रस्त्यांच्या नावाच्या पाट्याही लाल, आणि त्यांवरही तेच : रस्त्याचं नाव, खाली झिश्कोव, आणि शेजारी प्राग ३. झिश्कोव नावाची नगरपालिका १९२२ साली संपली. तेव्हापासून त्या नावाची कुठलीही निवडून आलेली सभा नाही, महापौर नाही, तिजोरी नाही. आणि तरी शंभर वर्षं उलटल्यावर गल्लीगल्लीत सरकारी खर्चानं ते नाव रंगवलं जातंय. त्याच्या शेजारचा विभागाचा आकडा बदलत गेला, नाव हललं नाही.

प्रशासनाचा इतिहास थोडक्यात उरकतो, कारण त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. १ जानेवारी १९२२ रोजी आजूबाजूची शहरं आणि गावं मिळून बृहत् प्राग झालं, आणि झिश्कोवला 'प्राग ११' म्हणू लागले. १९४९ साली हद्दी पुन्हा आखल्या, १९६० साली पुन्हा. त्या वेळी शहराचे दहा विभाग झाले आणि झिश्कोव 'प्राग ३' मध्ये गेलं. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर १९९० साली विभागांना निवडून आलेल्या सभा मिळाल्या. आज असे ५७ विभाग आहेत. त्यांतले १ ते २२ हे क्रमांकाचे विभाग ओळखपत्रं, बांधकाम परवाने वगैरे राज्याची कामं शेजारच्या छोट्या विभागांसाठीही करतात. न्यायालयं अजून १९६०च्या दहा विभागांप्रमाणेच चालतात. त्यामुळे 'प्राग १४' मध्ये राहणाऱ्याचा खटला 'प्राग ९' च्या कोर्टात लागतो. भूमापन हद्दी ११२. प्राग ४ ची वस्ती लाखाच्या वर, आणि शहराच्या काठावरच्या नेदव्येझीत काही शे माणसं. दोन्हीकडे स्वतंत्र सभा आणि स्वतंत्र महापौर. विभागाच्या या महापौराला तिथे 'स्तारोस्ता' म्हणतात, अख्ख्या प्रागच्या महापौराला 'प्रिमातोर'. झालं.

मूळ विषयाकडे येतो. प्राग ३ चं क्षेत्रफळ सुमारे साडेसहा चौरस किलोमीटर, वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. झिश्कोव जवळजवळ सगळं त्यात, आणि त्याला जोडलेला विनोहराडीचा एक तुकडा. या तुकड्यात सगळी मौज आहे. झिश्कोव आणि विनोहराडी मुळात एकाच द्राक्षमळ्यांच्या मुलखातले. १८७५ साली त्यांची वाटणी झाली. दक्षिणेकडे रुंद रस्ते, बागा, डॉक्टर-वकिलांची घरं उभी राहिली. उत्तरेकडे, म्हणजे झिश्कोवमध्ये, चढउतारांवर कामगारांच्या चाळवजा इमारती. कारेल हार्टिग नावाच्या बांधकाम व्यावसायिकानं तिथल्या जमिनीवर घरं बांधली आणि तोच या वस्तीचा पहिला महापौर झाला. १८८१ साली तिला शहराचा दर्जा मिळाला.

वस्तीला झिश्कोव हे नाव देण्यामागेही हार्टिगच होता. यान झिश्का हा हुसपंथी बंडखोरांचा एकाक्ष सेनापती. १४ जुलै १४२० रोजी याच वस्तीच्या डोक्यावरच्या वीटकोव टेकडीवर त्यानं राजा झिगिस्मुंडच्या धर्मयुद्धी फौजेला पिटाळून लावलं. कट्टर कॅथलिक हॅब्सबर्ग घराणं गादीवर असताना, त्यांच्या साम्राज्यातल्या एका नव्या शहरानं नाव घ्यायचं ते एका पाखंडी सेनापतीचं! आणि पुढे रस्त्यांची नावंही तशीच : हुसित्स्का, ताबोरित्स्का, प्रोकोपोवा, रोकित्सानोवा. ट्राममधून 'लिपान्स्का' असा थांबा पुकारतात, तेव्हा मला हमखास हसू येतं. १४३४ सालच्या लिपानीच्या लढाईत जहाल हुसपंथीयांचा धुव्वा उडाला होता. पराभवालाही या लोकांनी रस्ता दिला.

विनोहराडीच्या नशिबी मात्र अख्खेपण नाही. ती एकच भूमापन हद्द आज प्राग २, ३ आणि १० मध्ये मुख्यत्वे वाटलेली आहे, शिवाय बारीक चिरफळ्या प्राग १ आणि ४ कडे. तिथल्या माणसाला 'कुठे राहता' विचारलं, तर तो 'विनोहराडी' म्हणतो, प्राग ३ म्हणत नाही. आपण नाही का दादर म्हणतो, 'जी नॉर्थ' म्हणत नाही. राजा यिरझी पोद्येब्राद याच्या नावाच्या चौकात उभं राहिलं की हा गोंधळ डोळ्यांनी दिसतो. चौक विनोहराडीचा, कारभार झिश्कोवच्या नगरभवनातून. मधोमध योझे प्लेचनिक या स्लोव्हेनियन वास्तुकारानं १९२८ ते १९३२ मध्ये बांधलेलं चर्च. काळपट विटांच्या भिंतीतून पांढरे दगड बटणांसारखे बाहेर आलेले, आणि टोकाला ४२ मीटर उंच, रुंद, चपटा मनोरा. त्यात साडेसात मीटरहून जास्त व्यासाचं काचेचं घड्याळ. आरपार दिसणारं. घड्याळाच्या मागून उतरणीची वाट वर जाते, आणि संध्याकाळी काचेतून पलीकडचं आकाश दिसतं. प्रागमधल्या एकाच विसाव्या शतकातल्या इमारतीसाठी वाकडी वाट करायची असेल, तर ती हीच. बाकीच्यांची माफी मागून सांगतो.

या विभागांच्या हातात असतं तरी काय? बालवाड्या, प्राथमिक शाळा, आसपासच्या बागा, नगराच्या मालकीची काही घरं. यांतली मालमत्ताही मुळात शहराची. विभागाकडे ती सांभाळायला सोपवलेली. रस्त्यांची नावं ठरवतं शहर. ट्राम आणि मेट्रोही शहराच्या. म्हणजे स्तारोस्ताला कवडीची किंमत नाही, असं कुणाला वाटेल. तसं वाटणाऱ्यांसाठी प्राग ६ ची गोष्ट.

प्राग ६ मध्ये सोव्हिएत मार्शल कोनेव याचा पुतळा होता. १९४५ च्या मे महिन्यात त्याच्याच फौजा प्रागमध्ये शिरल्या. १९५६ साली हंगेरीतला उठाव चिरडण्यातही त्याचा हात होता. पुतळा विभागाच्या ताब्यातला, त्यामुळे त्याचं काय करायचं ते विभागाची सभा ठरवणार. २०१९ साली तिनं तो हलवायचं ठरवलं, आणि ३ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदी चालू असताना, क्रेननं तो उचलला. मॉस्कोनं थेट फौजदारी चौकशी सुरू केली. प्राग ६ च्या स्तारोस्ताला पोलीस संरक्षणात राहावं लागलं. बालवाड्या आणि बागा बघणाऱ्या कचेरीनं एका महासत्तेला इतकं चिडवलं, याचं मला अजून नवल वाटतं. याच प्राग ६ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांच्या नावाचा रस्ता आहे. ते १९२१ आणि १९२६ साली प्रागला आले होते. त्या नावावरून मात्र कधी कुणाचं वाजलेलं नाही.

कोनेवच्या नावाचा लांबच लांब रस्ता झिश्कोवमध्येही होता. अलीकडे त्याचंही नाव बदललं, आणि दिलं कोणाचं, तर कारेल हार्टिगचं. या फेरबदलांना झिश्कोव सरावलेलं आहे. आजची सायफेर्तोवा ही कम्युनिस्ट काळात सोव्हिएत नेता कालिनिन याच्या नावाची होती. आता ती यारोस्लाव सायफर्टच्या नावानं आहे. हा कवी १९०१ साली झिश्कोवमध्येच जन्मला आणि १९८४ साली त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. दुसऱ्या कुठल्याही चेक लेखकाला ते मिळालेलं नाही.

झिश्कोवचा आणखी एक लेखक यारोस्लाव हाशेक. श्वेक या शिपायाची गोष्ट त्यानं १९२१ साली इथे राहत असताना लिहायला घेतली. हुसपंथी प्रोकोपच्या नावाच्या चौकात २००५ पासून त्याचा अश्वारूढ पुतळा आहे. 'अश्वारूढ' म्हणायचं खरं, पण घोड्याचं धड म्हणजे चक्क बिअरच्या दुकानातला काउंटर, आणि त्यावर हाशेकचं डोकं. तिथून वर वीटकोव टेकडीकडे पाहिलं, तर बोहुमिल काफ्कानं घडवलेला झिश्का. तोही घोड्यावर. ९ मीटर उंच, साडेसोळा टनांचा, १९५० साली १४ जुलैलाच उघडलेला. त्याच्यामागच्या प्रचंड स्मारकात १९५३ पासून काही वर्षं कम्युनिस्ट अध्यक्ष गोटवाल्ड याचं मसाला भरलेलं शव ठेवलं होतं. ते १९६२ साली जाळून टाकलं. दोन्ही घोडे एकाच विभागात, चालत गाठता येण्यासारखे. यांतला झिश्कोवचा खरा प्रतिनिधी कोण, असं विचाराल तर मी काउंटरवाल्याच्या बाजूनं मत देईन.

वीटकोव ही प्राग ३ ची उत्तरेकडची भिंतच. पलीकडे कार्लीन, म्हणजे प्राग ८. टेकडीखालून ३०३ मीटर लांबीचा पादचारी बोगदा आहे, १९५३ साली उघडलेला. झिश्कोवच्या तोंडाला शिरायचं आणि उतरत उतरत कार्लीनच्या तोंडाला बाहेर पडायचं. बाहेर पडलं की कान मोकळे होतात आणि रस्ते एकदम सपाट, सरळ. ऑगस्ट २००२ च्या महापुरात कार्लीन पाण्याखाली गेलं, तिथली घरं कोसळली, वस्ती हलवावी लागली. बोगद्याच्या या टोकाला, चढावर बसलेलं झिश्कोव सुटलं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. टीव्ही टॉवर २१६ मीटर उंच आहे आणि त्याच्या खांबांवर डेव्हिड चेर्नीची रांगणारी बाळं चढताना दिसतात. ती खालून फुकट बघा, वर जायचे पैसे वाचवा. नजारा हवा असेल, तर वीटकोव चढा. जुन्या रेल्वेमार्गावरून टेकडीच्या पायथ्याशी आता सायकलवाट आहे, तिथून सुरुवात करा. ओल्शानी स्मशानभूमीसाठी मात्र अर्धा दिवस राखून ठेवा. १६८० च्या प्लेगात सुरू झालेली ही जागा आज सुमारे ५० हेक्टरांवर पसरली आहे. सोव्हिएत आक्रमणानंतर १९६९ साली स्वतःला पेटवून घेणारा विद्यार्थी यान पालाख इथेच आहे. गुप्त पोलिसांनी १९७३ साली त्याचे अवशेष इथून उकरून हलवले होते, त्याची रक्षा १९९० साली परत आणली गेली. शेजारी नवी ज्यू दफनभूमी. फ्रान्झ काफ्काची कबर तिथे आहे. पुरुषांनी डोक्यावर काहीतरी घालून जावं, आणि शनिवारी जाऊ नये. त्या दिवशी फाटक बंद असतं.