ब्रह्मदेशातील काशाचे बुद्ध

ब्रह्मदेशातील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, जुन्या कांस्यबुद्धमूर्ती प्रथम पाहणाऱ्यास साऱ्या सारख्याच वाटतात. बहुतेकांची मांडी तीच, भूमीला स्पर्श करणारा उजवा हात तोच. मग एखादी मूर्ती कोठली, हे ओळखावयाचे कसे? पुष्कळ मूर्तींवर लेख नसतो. आणि जेथे आढळली तेथेच ती घडली असेल, असा भरवसा तर मुळीच नाही. जिंकलेल्या राज्यातील मूर्ती आपल्या राजधानीत नेणे हे तेथील राजांना भूषणच वाटे.

मंडालेतील महामुनीचेच पाहा. ही भव्य कांस्यमूर्ती मूळची पश्चिम किनाऱ्यावरील आराकानची. १७८४ मध्ये बोदोपया राजाने ते राज्य जिंकले आणि मूर्ती डोंगरापलीकडे, आपल्या अमरापूर राजधानीजवळ आणविली. भाविकांनी चिकटविलेल्या सोन्याच्या वर्खाचे थर आता इतके जाड झाले आहेत, की मुखाखेरीज मूळ घडण दिसतच नाही. तिच्याबरोबर आलेल्या सहा ख्मेर कांस्यमूर्तींची यात्रा तर याहून लांबची: अंकोर, अयुथ्या, पेगू, आराकान आणि शेवटी मंडाले! आपला जो अवयव दुखतो तो या मूर्तींवर चोळला की दुखणे हटते, अशी श्रद्धा. त्यामुळे त्यांतील योद्ध्यांची पोटे गुळगुळीत झाली आहेत.

तेव्हा साक्ष घ्यावयाची ती मूर्तीच्या अंगलटीची. अकराव्या ते तेराव्या शतकांतील पगानच्या मूर्तींवर बंगाल-बिहारच्या पाल शैलीची छाया स्पष्ट आहे: रुंद खांदे, बारीक कंबर, अंगासरशी पातळ वस्त्र. शान मूर्तीचा चेहरा त्रिकोणी, कान खांद्यांना टेकलेले, आसन उंच, मस्तकावर कमळकळीचे टोक. आराकानी मूर्ती ठेंगणी, भरदार. १८५७ मध्ये मंडाले वसल्यानंतरची शैली मात्र निराळीच. चीवराच्या चुण्या खऱ्या कापडासारख्या लाटा घेत उतरतात, कपाळावर काचा जडविलेली रुंद पट्टी असते आणि चेहरा गोल, प्रसन्न, एखाद्या शेजाऱ्यासारखा. जाणकार पगानला झुकते माप देतात. आम्हांस हा घरगुती जिव्हाळाच अधिक भावतो. रत्नागिरीत १९१६ साली निवर्तलेला थिबा राजा याच मंडालेचा अखेरचा धनी.

मंडालेच्या तंपावडी वस्तीतील ओतारी आजही मेणाच्या नमुन्यावरून या साऱ्या शैलींच्या मूर्ती ओततात. त्यांत लबाडी नाही. लबाडी करतो तो नव्या काशाला आम्लाने हिरवी पुटे चढवून शतकांचे वय लावणारा दुकानदार. पुटे कृत्रिम चढतात, परंतु पूजेच्या हातांनी झिजलेले गुडघे आणि बोटे यांची विषम झीज त्याला सहजी साधत नाही. म्हणून विकत घेणाऱ्याने आधी गुडघे पाहावेत, मग मुख.